टाक्यापासून टाक्यापर्यंत

सह्याद्रीत दोन-तीन मुक्कामांची चाल आखताना बहुतेक जण आधी गड ठरवतात, मग सॅक भरतात आणि पाण्याचं वाटेत बघू म्हणतात. माझ्या मते हा क्रम पूर्ण उलटा हवा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ओझं. तंबू हलका मिळतो, स्लीपिंग बॅग हलकी मिळते, पाणी हलकं मिळत नाही. पाणी कुठे आहे, या महिन्यात ते टिकलंय का आणि एका पाण्यापासून पुढच्या पाण्यापर्यंत किती तास लागतील, एवढं कळलं की मुक्काम आपोआप ठरतात, सॅकचं वजन ठरतं, आणि स्वयंपाक करायचा की नाही तेही ठरतं. एका दिवसाच्या ट्रेकला यातलं काही लागत नाही. सकाळची कर्जत लोकल, दोन बाटल्या, संध्याकाळी घरी. रेंज ट्रेकमध्ये, म्हणजे डोंगररांगेतून अनेक दिवस चालताना, मात्र हिशेबातली चूक दुसऱ्या दिवशी भर दुपारी कळते, तीही अशा पठारावर की जिथून सगळ्यात जवळचं गाव तीन तासांवर असतं.

आधी डोंगरात पाणी कुठे असतं ते बघू. सह्याद्री लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला आहे. काही थर घट्ट काळ्या कातळाचे, काही सच्छिद्र आणि झिजके. पावसाचं पाणी सच्छिद्र थरातून मुरत खाली जातं, घट्ट थराशी अडतं आणि मग आडवं सरकत कड्याच्या पोटातून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. त्यामुळे झरे शोधायचे ते माथ्यावर नव्हेत. कड्याच्या पायथ्याशी, पदरातल्या, म्हणजे कड्याखालच्या सपाटीवरच्या, दाट झाडीच्या पट्ट्यात. उघड्या माळावर अचानक उंबर किंवा जांभळीचा हिरवागार पुंजका दिसला, तर तिथे जाऊन बघण्यात वेळ वाया जात नाही. गडांवरची टाकी ही वेगळी गोष्ट. ती घट्ट कातळात खोदलेली असतात, त्यामुळे पाणी मुरून जात नाही, पण उघड्या टाक्याचं पाणी उन्हाने उडतं आणि उरलेल्यावर शेवाळ धरतं. कातळाच्या पोटात खांब सोडून खोदलेली खांबटाकी सावलीत असतात, म्हणून तीच उन्हाळ्यापर्यंत पुरतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दर अर्ध्या तासाला ओढा लागतो. डिसेंबर संपता संपता लहान ओढे थांबतात, फेब्रुवारीत मोठ्या ओढ्यांची डबकी होतात, आणि मार्चनंतर बारमाही टाकी, विहिरी आणि गावं एवढ्यांवरच भिस्त ठेवायची. कुणी जानेवारीत लिहिलेलं ‘वाटेत भरपूर पाणी’ मार्चमध्ये निरुपयोगी असतं.

खात्री करायची तर पायथ्याच्या गावात फोन करून विचारावं, पण प्रश्न नीट विचारला पाहिजे. ‘वाटेत पाणी आहे का?’ याला उत्तर बहुधा ‘हाय की’ असंच येतं. त्यात खोटं काही नसतं. जे पाणी आहे ते गुरांना पुरेसं असतं, आणि सांगणाऱ्याला ते तीन तासांवर असलं तरी जवळच वाटतं. त्यापेक्षा ‘दादा, हल्ली गुरं कुठे पाजता?’ आणि ‘गावातल्या बाया प्यायचं पाणी कुठून आणतात?’ असं विचारावं. दोन्ही उत्तरं एकच असतील तर ओढा अजून वाहता आहे. वेगवेगळी असतील तर ओढ्याचं पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही, हे तिथेच कळलं.

प्यायचा हिशेब असा: थंडीच्या दिवसांत चालण्याच्या दर तासाला अर्धा लिटर. उघड्या सोंडेवर, म्हणजे डोंगराच्या उतरत्या धारेवर, उन्हात चढत असाल तर पाऊण लिटर. कोकणातून घाटमाथ्यावर चढणाऱ्या वाटांना ऑक्टोबरात सुद्धा पाऊण लिटरच धरावं, कारण दमट हवेत घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही आणि घाम येतच राहतो. शिवाय एक लिटर राखीव, ज्याला पुढचं पाणी डोळ्यांनी दिसेपर्यंत हात लावायचा नाही. म्हणजे दोन पाण्यांमध्ये सहा तास असतील तर चार लिटर. मुक्कामाच्या जागी पाणी नसेल तर रात्रीचं जेवण, सकाळचा चहा-नाश्ता आणि प्यायचं मिळून माणशी आणखी तीन लिटर लागतात. सात किलो फक्त पाणी उचलून कोरड्या पठारावर तंबू लावण्यापेक्षा तासभर आधी गावात थांबावं, हे माझं स्पष्ट मत आहे, मग पठारावरचा सूर्योदय कितीही सुंदर असो.

नुसतं पाणीही पुरत नाही. घामातून मीठ जातं आणि वर सतत साधं पाणी पीत राहिलं की डोकं दुखतं, मळमळतं, पायात गोळे येतात. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाइतक्याच पाण्यात घालायचं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अर्ध्या बाटलीत पूर्ण पाकीट ओतून घट्ट सरबत करण्याची सवय वाईट आहे, त्याने तहान उलट वाढते.

पाणी शुद्ध करताना आधी सुती कापडातून गाळायचं. गढूळ पाण्यात क्लोरीनचे थेंब टाकले तर ते मातीवरच खर्ची पडतात, म्हणून गाळणं पहिलं. मग थेंब बाटलीवरच्या मापाने टाकून अर्धा तास थांबायचं. क्लोरीनला न जुमानणारे काही परजीवी असतात, त्यामुळे जिथे गुरं पाण्यात उतरतात तिथलं पाणी खळखळून एक मिनिट उकळणं हाच खात्रीचा उपाय. आणि टाक्याची शिस्त: पाच-सहा मीटर नायलॉनची दोरी बाटलीच्या गळ्याला बांधून पाणी शेंदायचं. टाक्यात उतरायचं नाही, हात-तोंड काठापासून लांब जाऊन धुवायचं, साबण तर नाहीच. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी छिन्नी-हातोड्याने खोदलेल्या टाक्याचं पाणी एका शनिवार-रविवारच्या गर्दीने नासतं आणि पुढच्या पावसापर्यंत तसंच राहतं. ते बघून खरंच वाईट वाटतं.

आता हाच हिशेब एका खऱ्या वाटेवर लावून बघू. रतनवाडी ते हरिश्चंद्रगड ही मुंबईकरांसाठी उत्तम लांब चाल आहे, कारण एका लोहमार्गाने जाता येतं आणि दुसऱ्या रस्त्याने परत येता येतं. रात्री उशिराची कसारा लोकल, कसाऱ्याहून आधी ठरवलेली जीप, घोटी-शेंडी करत पहाटे रतनवाडी. गावातलं अमृतेश्वराचं मंदिर आणि पुष्करणी बघायला वेळ ठेवा, ते घाईने बघण्यासारखं नाही. वाट प्रवरेच्या ओढ्याच्या काठाने रानातून वर जाते आणि पुढे फाटा फुटतो. एक वाट शिड्यांनी रतनगडावर, दुसरी कात्राबाईच्या खिंडीकडे. पहिला मुक्काम रतनगडावरच्या गुहेत. गडावर टाकी आहेत. सकाळी नेढ्यात, म्हणजे कातळाला पडलेल्या आरपार भोकात, जाऊन यायचं, त्र्यंबक दरवाजा बघायचा आणि उतरून फाट्यावर यायचं. दुसऱ्या दिवशी खिंड ओलांडून कुमशेत. या दिवसाचं सगळं पाणी रतनगडावरूनच भरून निघायचं. हिवाळ्याच्या उत्तरार्धात फाट्यापासून कुमशेतपर्यंतच्या ओढ्यांवर विसंबू नये. तिसऱ्या दिवशी मुळेचं पात्र ओलांडून पाचनई. ऑक्टोबरात पाऊस लांबला असेल तर हे पात्र किती भरलंय ते कुमशेतमध्ये विचारूनच निघायचं. पाचनईत बाटल्या भरल्या की हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर दोन-अडीच तासांवर. चौथ्या दिवशी टेकड्यांची चढउतार करत, कातळातल्या रेलिंगच्या टप्प्यावरून तोलार खिंडीत, तिथून खिरेश्वर आणि धरणाच्या भिंतीवरून खुबी फाटा. तिथे कल्याण-नगर रस्त्यावरची एसटी मिळते. या शेवटच्या दिवसाकडे लोक ‘उतारच तर आहे’ म्हणून दुर्लक्ष करतात. पण मंदिरापासून खिंडीपर्यंतची वाट उघडी आहे, अकरानंतर ती तापते. तीन लिटर भरून सकाळी सातला निघावं.

तीन मुक्काम जास्त वाटत असतील तर सुरुवातीला लोणावळा-राजमाची-कर्जत करावं. लोणावळा स्टेशनपासून तुंगार्लीमार्गे राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडी गावापर्यंत साधारण पंधरा किलोमीटर, बहुतेक सपाट आणि रुंद वाट. मुक्काम गावात. दुसऱ्या दिवशी राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले बघून कोंढाण्याच्या लेण्यांवरून कोंदिवडे, तिथून कर्जतला रिक्षा. पूर्ण वजनाची सॅक दोन दिवस पाठीवर कशी वागते ते इथे कळतं, आणि काही बिघडलं तर गाव आणि स्टेशन दोन्ही आवाक्यात असतात.

वेळेच्या अंदाजासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक नियम मांडला होता: ताशी पाच किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास वाढवा. सॅक घेऊन सह्याद्रीत तो फार आशावादी ठरतो. ताशी अडीच ते तीन किलोमीटर आणि दर ३०० मीटर चढाला एक तास धरावा. बारा किलोमीटर आणि ७०० मीटर चढ असेल तर मूळ नियमाने साडेतीन तास येतात, आपल्या हिशेबाने साडेसहा ते सात. उतारात वेळ वाचेल असं धरूच नका. घसाऱ्याच्या (सुट्या दगडमातीच्या) नाळेतून, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीतून, उतरायला चढण्याइतकाच वेळ लागतो. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि पश्चिमेला उंच रांग असलेल्या दरीत त्याच्या कितीतरी आधी सावली येते. म्हणून मुक्कामाला चारपर्यंत पोचायचं, या बेताने निघायची वेळ ठरवायची.

वाट चुकण्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्याकडे वाट चुकते ती बहुतेक वेळा वाट नसल्यामुळे चुकत नाही, वाटा फार असल्यामुळे चुकते. गुरांनी पाडलेल्या ढोरवाटा खऱ्या वाटेइतक्याच मळलेल्या दिसतात. फरक ओळखता येतो. ढोरवाट वीस-तीस पावलांवर फुटत जाते, एकाच उंचीवर डोंगराला बिलगून आडवी फिरते आणि गवतात किंवा पाण्यापाशी विरून जाते. कारवीच्या रानात ती इतकी बुटकी असते की सॅक फांद्यांत अडकते. माणसांची घाटवाट एका खिंडीकडे किंवा गावाकडे रोखलेली असते. चढ आला की नागमोडी वळणं घेते. तिच्यावर कुठेतरी खोदीव पायऱ्या, पावलांनी गुळगुळीत झालेला कातळ, रचलेल्या दगडांची लगोर, खिंडीत शेंदूर लावलेला देव किंवा जुनं टाकं भेटतं. अर्धा तास चाललात आणि यातलं काहीच दिसलं नाही, उलट वाट फुटतच चालली, तर पुढे शोधत न बसता शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे यावं. पुढे रेटत नेणारा गट शेवटी एखाद्या ओढ्यात उतरतो, ओढा सोपा वाटतो म्हणून त्यातून खाली जात राहतो आणि कड्याच्या तोंडाशी पोचतो. इथले थर आडवे असल्याने प्रत्येक ओढा कुठे ना कुठे सरळ तुटलेल्या कातळावरून खाली कोसळतो. वाट हरवल्यावर ओढ्याने उतरणं हा आपल्या डोंगरांतला सगळ्यात घातक निर्णय असतो.

सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० नकाशा वाचायला शिकणं फार उपयोगाचं. त्यात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि समान उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषांमध्ये उंचीचं २० मीटरचं अंतर. रेषा एकमेकींना चिकटल्या तिथे कडा. पण लक्षात ठेवा, वीस मीटरपेक्षा कमी उंचीचा कातळटप्पा या नकाशावर दिसेलच असं नाही, आणि वाट अडवायला पाच मीटर पुरतात. मोबाइलवरचा ट्रॅक वापरायचा तर नकाशा आधीच उतरवून ठेवा, फोन फ्लाइट मोडवर टाका आणि ट्रॅक कुठल्या महिन्यात नोंदवला आहे ते बघा. मे महिन्यात मोकळ्या माळावरून केलेला ट्रॅक ऑक्टोबरात डोक्याएवढ्या गवतातून नेतो. अरुंद नाळेत दोन्ही बाजूंच्या कड्यांमुळे जीपीएस बरेच मीटर इकडेतिकडे दाखवतो, तिथे डोळ्यांवर भरवसा ठेवावा. दहा हजार एमएएचची पॉवरबँक तीन दिवसांना पुरते, पण थंडीत ती रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपावं. आणि सगळ्यात चांगला उपाय राहिलाच: अनोळखी रेंजला गावातला वाटाड्या घ्या. त्याचे पैसे आधी नीट ठरवा आणि ठरले तेवढे पूर्ण द्या. कात्राबाईच्या खिंडीत कुठल्या महिन्यात कुठे पाणी आहे हे कुमशेतच्या माणसाइतकं कुठलंही ॲप सांगू शकत नाही.

सॅक ४० ते ५० लिटरची पुरते. मोठी घेतली की ती भरली जातेच. एकूण वजन शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शात बसवावं. साठ किलोच्या माणसाला बारा किलो. हिवाळी तीन दिवसांचा हिशेब करून बघा: रिकामी सॅक दीड किलो, स्लीपिंग बॅग एक किलो, मॅट चारशे ग्रॅम, तंबूचा अर्धा वाटा सव्वा किलो, कपडे आणि जॅकेट दीड किलो, टॉर्च-पॉवरबँक-औषधं पाऊण किलो, खाणं रोजचं साडेसहाशे ग्रॅम धरून दोन किलो. साडेआठच्या आसपास झालं. वर साडेतीन लिटर पाणी घातलं की बारा पूर्ण. यातून काढायचं काय, तर तंबू. गावात अंगणात किंवा देवळाच्या ओसरीत विचारून झोपता येत असेल तर सव्वा किलो तिथेच वाचतं. स्लीपिंग बॅग मात्र डिसेंबर-जानेवारीत काढू नका. हरिश्चंद्रगडावर तेव्हा पारा एक आकडी होतो आणि कोकणकड्यावरचा वारा तो आणखी खाली आणतो.

सॅक विकत घेताना आपल्या उंचीपेक्षा पाठीची लांबी महत्त्वाची. मान पुढे वाकवल्यावर जे हाड वर येतं तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत टेपने मोजा. दुकानात जाताना घरूनच सहा-सात किलो वजन घेऊन जा आणि ते घालून बघा. पट्टे लावण्याचा क्रम असा: आधी सगळे पट्टे सैल. कमरपट्टा कमरेच्या हाडांवर बसवून घट्ट, पोटावर नव्हे. मग खांद्याचे पट्टे अंगाला टेकतील एवढे ओढा. मग खांद्याच्या वरून सॅककडे जाणारे छोटे पट्टे थोडे, आणि छातीचा पट्टा सगळ्यात शेवटी. बहुतांश भार कमरेवर यायला हवा. खांद्याच्या पट्ट्याखाली सहज बोटं गेली म्हणजे बसलं. जड वस्तू पाठीला चिकटून मध्यावर, स्लीपिंग बॅग तळाशी, रेनकोट आणि खाऊ वर. दोन लिटरची बाटली बाहेरच्या एकाच कप्प्यात ठेवली तर दिवसभर एक खांदा खेचला जातो, म्हणून पाणी दोन्ही बाजूंना वाटून ठेवा. पावसाळ्यात रेनकव्हरवर विसंबू नका. पाणी पाठीकडून झिरपतं, तिथे कव्हर नसतंच. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून तिच्यात सामान भरा आणि तोंड पीळ देऊन दुमडा.

खाण्याच्या बाबतीत मुंबईकरांसमोर एक अडचण आहे. रेल्वेत ज्वलनशील वस्तू नेण्यास बंदी आहे, त्यामुळे गॅसची छोटी कॅनिस्टर लोकलमधून नेणं बेकायदा आणि धोक्याचंही. अभयारण्याला धोका होईल अशी आग तिथे पेटवायला वन्यजीव कायद्याने मनाई आहे, आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्यच आहे. स्वयंपाकाला आणि भांडी घासायला पाणी जातं ते वेगळं. म्हणून न शिजवायचं खाणं आणि गावातलं जेवण, ही जोडी मला सगळ्यात पटते. आदल्या दिवशी फोन करून माणसं किती आणि किती वाजता ते सांगितलं की गरम भाकरी, पिठलं, ठेचा, भात मिळतो. पैसे रोख ठेवा, सुट्टे ठेवा. नेटवर्कच नसेल तिथे यूपीआय चालत नाही. बरोबर न्यायला सातूचं पीठ अव्वल. पन्नास-साठ ग्रॅम पीठ, गूळ, चिमूटभर मीठ आणि पाणी, की नाश्ता तयार. दुधात भिजवून केलेल्या दशम्या थंडीत दोन दिवस छान राहतात. साध्या पोळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घामेजून दुसऱ्या दिवशी आंबतात. त्या सुती फडक्यात बांधा. बरोबर लसणाची किंवा तिळाची कोरडी चटणी, शेंगदाणे-गूळ, खजूर, सुकं खोबरं, मेथीचे नाही तर डिंकाचे लाडू. दर तासाला थोडं तोंडात टाकायचं. दुपारी भरपेट जेवून चढाला लागलं की पाय जड होतात. बिस्किटं आणि वेफर्स कोरडे असतात, खाल्ल्यावर पाणी जास्त लागतं, आणि रिकाम्या पाकिटांचा कचरा परत उचलून आणावा लागतो.

पायांचं थोडक्यात. बुटांच्या तळव्याचं रबर मऊ हवं. कडक तळवा ओल्या शेवाळलेल्या कातळावर टिकत नाही. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, कारण उताराला पाय पुढे सरकतो आणि नखं काळी पडतात. निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी नखं सरळ कापा. चालताना कुठे हुळहुळलं की लगेच थांबून तिथे चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर लावून उपयोग कमी. पावसाळ्यात मोजे ओलेच राहणार, ते मान्य करायचं. मात्र रात्रीचा एक कोरडा जोड पिशवीत बांधून राखायचा आणि तो चालताना घालायचा नाही.

सरावाला डोंगर लांब असले तरी मुंबईत जिने भरपूर आहेत. एक मजला साधारण तीन मीटर. वीस मजल्यांची इमारत दहा वेळा चढली की सहाशे मीटर, म्हणजे खिरेश्वरवरून हरिश्चंद्रगड चढण्याच्या जवळपास. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून चढा. पहिले दोन आठवडे लिफ्टने उतरा, मग हळूहळू जिन्याने उतरायला लागा. गुडघ्यांची खरी परीक्षा उतारात असते आणि मांडीचे स्नायू उतरण्यानेच तयार होतात, पण एकदम सुरू केलं तर दोन दिवस पाय उचलत नाहीत. सुट्टीच्या दिवशी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापासून कान्हेरीपर्यंत आणि परत पूर्ण सॅकसह चालता येतं. तिथे बूट आणि पट्टे दोन्ही कुठे टोचतात ते कळतं.

धोक्यांपैकी मला सगळ्यात गंभीर वाटतात ते तीन. पहिला उन्हाचा: माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला तर तो थकवा समजू नका. सावलीत झोपवा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि मदत बोलवा. त्यासाठीही तो राखीव लिटर लागतो. दुसरा आग्या मोहोळाचा. कड्याच्या पोटाखालून जाताना धूर, अत्तर, आरडाओरडा नको. माश्या उठल्या तर तोंड झाकून शक्य तितक्या लांब निघून जायचं, जागच्या जागी हात झटकत राहायचं नाही. तिसरा पावसातल्या ओढ्याचा. गुडघ्याच्या वर गढूळ वेगवान पाणी असेल तर ओलांडू नका. पाऊस थांबल्यावर सह्याद्रीतले ओढे काही तासांत उतरतात, तेवढं थांबा. साप चावला तर आवळपट्टी नाही, चिरा नाही. तो अवयव हलू न देता लवकरात लवकर सरकारी रुग्णालय गाठायचं. रुग्णवाहिकेला १०८, इतर आपत्तीला ११२. कुठल्या दिवशी कुठल्या गावात असू आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा, हे कागदावर लिहून घरी ठेवा.

परत आल्यावर मुंबईच्या हवेशी गाठ असते. स्लीपिंग बॅग तिच्या छोट्या पिशवीत कोंबून ठेवू नका, मोकळी टांगा. तंबू पूर्ण सुकल्याशिवाय गुंडाळला तर आतला थर चिकट होतो आणि पुढच्या पावसात गळतो. बुटांचं तर खास सांगायला हवं. पुष्कळ ट्रेकिंग बुटांत तळवा आणि वरचा भाग यांच्यामध्ये पॉलियुरेथेनचा थर असतो. हवेतल्या ओलाव्याने तो आतून कुजत जातो, आणि न वापरता कपाटात ठेवलेल्या बुटांत जास्तच. दोन-तीन पावसाळे डब्यात काढलेले, दिसायला नवेकोरे बूट घालून निघालात तर तळवा दुसऱ्या दिवशी सरळ सुटून हातात येतो. निघायच्या आठवडाभर आधी तळव्याच्या कडेला अंगठ्याने जोर देऊन बघा. भुगा पडला किंवा भेग उघडली तर ते बूट बाद. मग जुने, रोज वापरातले बूट घालून जाणं बरं. आणि कुठलेही बूट असोत, सॅकच्या तळाशी दोन मीटर मजबूत सुतळी ठेवा, म्हणजे सुटलेला तळवा बांधून पुढच्या गावापर्यंत तरी चालता येतं.